वडिलांच्या बाजूची गादी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती ताई माझी सख्खी मावसबहीण. प्रयोगशाळेत काम करते. उगाच घाबरणाऱ्यांतली नाही.

घटना भर दुपारची. गेल्या हिवाळ्यातली. हमरस्त्यालगतच्या त्यांच्या जुन्या मोटेलमधली.

ते मोटेल ताईच्या आजोबांनी बांधलं. एका ओळीत खोल्या, समोर गाड्या लावायला मोकळी जागा. आधी ट्रकवाले उतरायचे, मग फिरते विक्रेते, मग सहलीची कुटुंबं. पुढे रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि थांबणारं कुणी उरलं नाही.

आजोबांचा एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळला गेला. मुक्कामाचा माणूस गेला की खोली आवरण्याआधी गादीवर तळहात ठेवायचा. गादी गरम असेल तर चादर काढायची नाही.

"अजून पुरता गेला नाही तो," आजोबा म्हणायचे. "काहीतरी विसरलेलं न्यायला परत येईल. गार होऊ द्या, मग हात लावा."

ताईचे वडील दुपारच्या झोपेतच गेले. त्यांना बाहेर नेल्यावर मावशी सवयीने खोलीत शिरली आणि चादर ओढून धुण्यात टाकली.

"गादी गरम होती गं," ती ताईला एकदाच म्हणाली.

रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

ताईलाही रडू आलं नव्हतं.

वर्षभरात मोटेल विकलं गेलं. त्या दिवशी संध्याकाळी ताबा द्यायचा होता. ताई आईला न्यायला आली होती. एकच धास्ती होती, आई ऐन वेळी अडून बसेल.

"आई, निघायचं ना?"

"न निघून काय करू? इथे काय मला दुसरं लग्न करायचंय?"

ताईचा जीव भांड्यात पडला. एकेक खोली उघडत ती चादरी गोळा करू लागली. हात आपोआप आधी गादीवर जात होता.

गार. गार. सगळ्या गार.

शेवटी आईची खोली. मावशी नुकतीच झोपून उठली होती, बाहेर नळावर तोंड धूत होती. खिडकीकडच्या उशीवर तिचे दोन-चार पांढरे केस. गादीवर तिच्या अंगाचा खळगा.

ताईने त्या खळग्यात तळहात ठेवला...

गार. फरशीसारखा गार.

आपलेच हात बधिर झालेत, असं तिला वाटलं. गालाला लावून पाहिले. हात ठीक होते.

मग तिने भिंतीकडच्या बाजूला हात नेला. वडिलांच्या बाजूला. तिथे उशी फुगलेली, चादरीला एक सुरकुती नाही...

तिथली गादी गरम होती.

ऊन येतंय का, ताईने पाहिलं. पडदा ओढलेला होता. पांघरूण झटकलं. खाली काही नव्हतं. भिंतीला हात लावला. भिंत गार होती.

हात पुन्हा गादीवर ठेवून ती थांबली. ऊब कमी होत नव्हती.

बाहेर नळ बंद झाला...

"झालं का गं?" मावशी दारात उभी होती.

"ही चादर राहू दे, आई."

"राहू दे," मावशी म्हणाली. गादीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

चादर तशीच ठेवून ताईने कुलूप लावलं.

मावशी आता ताईकडेच असते. तिच्या गादीला ताई हात लावत नाही. चादर मावशी स्वतःच बदलते. रोज नाही... तिला वाटेल तेव्हा.

परवा मी भेटायला गेले होते. बोलता बोलता तिच्या पलंगावर टेकणार, तोच मावशी सहज म्हणाली,

"अगं, तिकडे नको. इकडे माझ्या बाजूला बस. इथे गार आहे."

मी उभीच राहिले.