सातव्या महिन्याची ओटी

"ऊठ म्हणते ना वं! बाया ताटकळून राहिल्या बाहेर, अन् तू ओटी भरून घेत नाही म्हणते?"

सासूबाईंच्या, बायजाबाईंच्या हातात हिरवं लुगडं तसंच राहिलं… लकडगंजच्या त्या घरात अख्खी आळी जमली होती, आणि प्रेमिला आतल्या खोलीत ओठ घट्ट मिटून बसली होती. काय सांगणार होती ती? आठच दिवसांपूर्वी धरमपेठेतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं होतं. बाळाच्या मेंदूत गाठ आहे, लाखात एखाद्यालाच होते, जन्मलं तरी तासाभराचंच! आणि परतताना मधुसूदननं तिला स्वतःची शपथ घातली होती, "आईले सांगू नको. एक झटका येऊन गेला तिले, हे नाही सोसणार." शपथ घालून नवरा मोकळा झाला! गिळायचं कोणी? या अभागिनीनं! सगळं गिळलं तिनं, पण ज्याचं बारसंच व्हायचं नाही त्याच्या नावानं ओटीत नारळ घेणं… तेवढं मात्र तिच्यानं होईना.

"समजलं मले!" बायजाबाई कडाडल्या. "पोटाचा फोटो काहून काढला, ते समजलं. पोरगी निघाली न? पाडून राहिली तू तिले! अवं, मी नातीची वाट पाहून राहिली, अन् तू कसाईण निघाली!"

कसाईण! प्रेमिलानं फक्त दाराकडे पाहिलं. मधुसूदन तिथेच उभा होता.

त्यालाच राहवेना. "आई, तिले काही बोलू नको! लेकराच्या डोक्यात गाठ हाय… ते जगत नाही, आई! म्याच तिचं तोंड बंद केलं!" आणि तो चौकटीला धरून ढसाढसा रडू लागला.

बायजाबाईंनी लुगडं बाजूला ठेवलं. मग सुनेचं डोकं त्यांनी छातीशी ओढून घेतलं.

"आठ दिवस एकटीनं सोसलं वं माय… अन् मी तुले काय बोलली!"

"आई, मले नारळ नका देऊ…" प्रेमिलाला आता हुंदका आवरेना.

"नाही देत. उठू बी नको."

त्यांनी बाहेरच्या बायांना जेवू घालून वाटेला लावलं, आणि परत येऊन सुनेजवळ बसल्या.

"जेवढा वेळ भेटन तिले, तेवढा मांडीवर भेटन. पयले तू घेजो, मंग मी."

दीड महिन्यानं बाळ झालं. नातच होती. चाळीस मिनिटं जगली, आणि चाळीसही मिनिटं प्रेमिलाच्या कुशीत होती. बायजाबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या. आपल्या पाळीसाठी त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही.