जनकाबाईचं मत

देऊळघाटात सोपान टेकाळ्यांच्या कादंबऱ्यांचे चाहते मोजकेच, पण वेडे. टेकाळ्यांनी जन्मभर भुताखेतांवरच लिहिलं आणि या मंडळींनी ते शिवण उसवेपर्यंत वाचलं. दर वर्षी फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी जमायचं, पुस्तकं सतरंजीवर मांडायची, आवडत्या कादंबरीतलं सगळ्यात भीतीचं पान मोठ्यानं वाचायचं आणि मग जी कादंबरी पटली तिच्यावर भुईमुगाची एक शेंग ठेवायची. जिच्यावर शेंगा जास्त, ती त्या वर्षाची राणी. जिच्यावर एकही नाही, ती कायमची बाद.

यंदा महामायानं मुद्दाम सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं होतं. तिची आई जनकाबाई दिवाळीनंतर वारली, तेव्हापासून तिचे बाबा, जानराव, माणसांत बसत नव्हते. हसणं तर विसरलेच होते. पुस्तकांच्या भांडणाला तरी ते बाहेर येतील, एवढीच तिची आशा.

भांडण लागायला काही वेळ लागला नाही.

"'धुऱ्यावरचा माणूस' एक नंबर," मोबाइल दुरुस्तीवाला गोकुळ म्हणाला. "त्यातलं भूत बांधावर नुसतं उभं राह्यते, बोलत नाही. वाचल्यावर मी महिनाभर वावरात गेलो नाही."

"तसाही तू वावरात कधी जातं?" शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या. "'उंबराखालचा पाव्हणा' घ्या. भूत असावं तं जेवून जाणारं."

ओसरीभर हसू पसरलं. जानराव आतल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभे होते, पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

सतरंजीच्या कडेला 'रहाटाची कुरकुर' पडून होती. ती जनकाबाईची लाडकी. त्यातली बाई मेल्यावरही गावातले रिकामे रांजण भरून जाते आणि तिनं भरलेलं पाणी जो पिईल, त्याचं घर ती कधी सोडत नाही. दर वर्षी या पुस्तकाला एकच शेंग पडायची. सगळे चिडवायचे आणि जनकाबाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "भूत हाय तं काय झालं, पाणी तं भरते ना?"

महामायाच्या मुठीत आईच्या नावाची शेंग होती. पण पान वाचल्याशिवाय शेंग ठेवायची नाही, हा नियम, आणि ते पान तिनं दोनदा उघडून दोनदा मिटलं होतं.

"मंग हे बाद धरायचं का, माया?" सगळ्यांत वडीलधारे उत्तमराव हळूच म्हणाले.

"थांबा," जानराव बाहेर आले. "मी वाचतो."

बायकोला या पुस्तकांवरून चिडवण्यातच त्यांची हयात गेलेली. भुताचं पान हाती धरायची ही पहिलीच खेप. सुरुवातीला ते अडखळले. मग हळूहळू आवाज खाली आला, संथ झाला, जनकाबाई वाचायची तसा. ऊन उतरत होतं. रहाट फिरला... दोर ओला झाला... घागर वर आली... कोणी शेंग फोडत नव्हतं. कुठूनसा ओल्या मातीचा वास आला. आणि स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज झाला. सावकाश, घागर रिकामी होईपर्यंत.

"जानराव काका, हे चालत नाही हं," गोकुळ म्हणाला. "मतदानाच्या दिवशी प्रचार करून राह्यले तुम्ही. आत कोनाले बसवलं?"

पुन्हा हशा पिकला. महामायाही हसली, आणि हसता हसताच थांबली. घरात दुसरं कोणी नव्हतं. नळाला शेवटचं पाणी येऊन पंधरवडा झाला होता. रांजण तर तिनं सकाळीच कोरडा पुसून ठेवला होता.

ती आत गेली. तिच्या मागोमाग सगळे आले. रांजण काठोकाठ भरला होता, वरचं पाणी अजून हलत होतं. झाकणीवर गडू पालथा ठेवलेला. या घरात गडू पालथा ठेवायची सवय फक्त आईला होती.

"बाबा... पिऊ नका..." महामाया कशीबशी म्हणाली. "पुस्तकात काय लिहिलं हाय, तुम्हीच वाचलं ना आता..."

"वाचलं म्हणून तं पितो," जानराव म्हणाले. त्यांनी गडू भरला आणि घटाघटा रिकामा केला. "थंड हाय." आणि ते हसले, पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. महामायाला इतका आनंद झाला की भ्यायचंही तिला सुचेना.

"कोनी फुकटात भरून देत असंन, तं मी काऊन नाही म्हनू?" गोकुळ म्हणाला खरा, पण त्याचा हात काही गडूकडे गेला नाही. त्या दिवशी सगळ्या शेंगा एकाच पुस्तकावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महामाया शाळेतून आली. जानराव अंगणात लिंबाच्या आळ्यात घागरीनं पाणी ओतत होते आणि चक्क गुणगुणत होते.

"बाबा, अख्खा रांजण उपसला? नळ कधी येईन त्याचा पत्ता नाही."

"रिकामा राह्यला तं भरायले येईन ना तुही माय," जानराव म्हणाले आणि घागर झाडून पालथी घातली.

दोघंही अंगणात होती. आणि आत, झाकणीवर कोणीतरी गडू ठेवल्याचा आवाज आला.