मागच्या सीटवरची

मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण धाकटी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होती. अडीचला जेवणाची सुट्टी व्हायची, आणि सुट्टी झाली की आधी घरी फोन, मग डबा.

धाकटी म्हणजे सफाईच्या बायकांत वयाने सगळ्यात लहान. लढाऊ विमान चालवायला शिकणारी मुलं जिथे सराव करतात, त्या इमारतीत तिला कामाला लागून चार महिने झाले होते. लांबलचक हॉल, खिडकी एकही नाही, आणि त्यात पाच यंत्रं. यंत्र म्हणजे विमानाचं नुसतं नाक. धड नाही, पंख नाहीत. आत बसायची जागा आणि समोर मोठा गोल पडदा. पडद्यावर आकाश दिसतं, जमीन दिसते, दांडा हलवला की सगळं कलतं. मुलं आत बसून घामाघूम होतात, आणि बाहेर आली की त्यांना फरशीवर पाय नीट टेकवता येत नाहीत. विमान मात्र जागचं तसूभर हललेलं नसतं.

चार यंत्रं नवी, एका सीटची. पाचवं जुनं, दोन सीटचं, एक पुढे आणि एक मागे. ते खऱ्या विमानाचं नाक कापून बनवलं होतं. त्याच्याजवळ गेलं की तापलेल्या धुळीचा आणि रबराचा वास यायचा.

"ताई, हात पुसा आणि जरा मागच्या सीटवर बसा," टेक्निशियन म्हणाला. त्याच्या खिशात कायम पक्कड असायची, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणायचे. "हेडफोन लावा. माझा आवाज आला की सांगा."

"मी? आणि काही बिघडलं तर?"

"बिघडलेलंच आहे, म्हणून तर तुम्हाला बसवतोय."

धाकटी बसली. सीटच्या डोक्याशी लाल फडकं बांधलेली एक पिन खोचलेली होती. ती काय, असं तिने विचारलं. पक्कडला सांगायला आवडायचं. खऱ्या विमानाला आग लागली की ही सीट माणसासकट वर उडते, तो म्हणाला. माणसाचं वजन बघून तिचा जोर ठरवावा लागतो. दोघं असले तर मागची सीट आधी जाते, नाहीतर पुढच्या सीटच्या ज्वाळेत मागचा भाजून निघेल. ही पिन आहे तोवर सीट मेलेली. "आणि इथे तर तिच्यातली स्फोटाची दारूही काढलेली आहे, घाबरू नका."

मग तो पुढे बसून बटणं दाबायला लागला. हेडफोनमध्ये खरखर झाली, ती थांबली, आणि कोणीतरी अगदी हळू विचारलं, "मागची सीट?"

"दादा, मागची सीट म्हणून काय विचारताय?"

"मी कुठे विचारलं? मी अजून माइक लावलाच नाही."

"मग दुसरं कोणीतरी आहे. हळू बोलतात ते."

पक्कडने पक्कड काढून दोन वायरी ओढून बघितल्या. "कुठलीतरी जुनी टेप असेल आत," तो म्हणाला. पण त्याने ते फार मनावर घेतलं नाही.

धाकटीने घेतलं. भीती वाटली असं नाही. भीती तिला रोजची होती. ठमी, तिची अकरा महिन्यांची पोरगी, झोपेत जरा हलली तरी ती नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दिवसातून तीनदा घरी फोन. सासूबाई त्या फोनला विटल्या होत्या. "खाल्लं, पाणी प्यायली, दोनदा शिंकली," त्या म्हणायच्या. "शिंकांची वेळ लिहून ठेवू का?" अशा बाईला त्या आवाजाची भीती वाटायला हवी होती. वाटलं ते कुतूहल. बंद खोलीतून कोणी आपल्याला नावाने बोलावतंय असं वाटलं की माणूस दाराशी जातोच ना, तसं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळे जेवायला गेले. जुनं यंत्र तापायला पाऊण तास लागायचा, म्हणून पक्कड ते चालूच ठेवायचा. धाकटी पुसायचं फडकं हातात ठेवून, कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून, पुढच्या सीटवर चढली. हेडफोन लावले.

"पुढची सीट?" आवाज आला.

"आहे… मी आहे."

"वजन?"

"बावन्न." उत्तर दिल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

"मागची सीट?"

"कोणी नाही."

"असं नाही सांगायचं. पट्टे बांधलेत का? रिकाम्या सीटचे पट्टे मोकळे राहिले तर ते दांड्यात अडकतात."

ती उतरली, मागच्या सीटचे पट्टे बांधले, परत येऊन बसली. "रिकामी. पट्टे बांधलेले."

"आता बरोबर."

समोरचा पडदा उजळला. लांब सरळ धावपट्टी, आणि तिच्या टोकाला फिकट आकाश.

अशी ती शिकायला लागली. रोज वीस मिनिटं. तो आवाज ना म्हातारा ना तरुण. शेजारी कोणी झोपलेलं असताना माणूस बोलतो तसा. दांडा आवळायचा नाही, तो सांगायचा, नुसती बोटं टेकवायची. खाली बघायचं नाही. जमीन आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ बघायची, ती सरळ तर आपण सरळ. वळताना पोटात गोळा आला तर श्वास कोंडायचा, मांड्या आवळायच्या. धाकटी सातवीपर्यंत शिकलेली, पण इतकं नीट तिला कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं. ती चुकली तर तो रागवायचा नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायचा.

"तुम्ही कोण?" तिने एकदा विचारलं.

"शिकवतो मी."

"ते कळलं. पण बसता कुठे?"

"रेघेकडे बघा."

खरं सांगायचं तर तिला त्या वीस मिनिटांची ओढ लागली होती. वर गेलं की ढग खाली राहायचे, आणि ढगांबरोबर सगळंच खाली राहायचं. ठमीला ताप आला तर, ठमी पायरीवरून पडली तर, हे सगळे 'तर' खाली. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरं तोंडातून आपोआप निघायला लागली. पुढची सीट, आहे. वजन, बावन्न. मागची सीट, रिकामी, पट्टे बांधलेले. तो विचारायचा आणि ती सांगायची. विचार मागाहून यायचा.

फक्त विमान खाली उतरवायचं त्याने शिकवलं नव्हतं. वीस मिनिटं झाली की पडदा आपोआप विझायचा.

मग तो शुक्रवार आला. सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं, नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. सकाळी ठमीला लस टोचून, वजन करून, धाकटी तिला कामावरच घेऊन आली. मुकादम बाई कुरकुरली, पण हो म्हणाली. सुट्टी होईपर्यंत लशीने पेंगुळलेली ठमी गाढ झोपली. तिला फरशीवर कसं ठेवायचं? जुन्या यंत्राची मागची सीट खोल होती, पाळण्यासारखी. धाकटीने दुपटं घातलं, ठमीला ठेवलं, पडू नये म्हणून पट्टे तिच्यावरून घेऊन हलकेच बांधले. वरचं काचेचं झाकण उघडंच ठेवलं, आवाज आला तर कळावा म्हणून. आणि मग, आलोच आहोत तर, म्हणून ती पुढे बसली.

"पुढची सीट?"

"आहे."

"वजन?"

"बावन्न."

"मागची सीट?"

"भरलेली," ती म्हणाली. खरं ते सांगायची सवय झाली होती.

खरखर थांबली. इतकी शांतता तिने त्या हेडफोनमध्ये आधी ऐकली नव्हती.

"वजन?"

"नऊ किलो सातशे."

धावपट्टी मागे पळाली. विमान उठलं. ढग आले, खाली गेले. धाकटीला कळलं की आज वास वेगळा आहे. धुळीचा नाही, रॉकेलसारखा. यंत्र तर विजेवर चालतं. मान वळवून मागे बघायला गेली तर तिच्या सीटची उंच पाठ मधे आली. वर बघितलं. झाकण बंद होतं.

समोर एक लाल दिवा लागला. मग दुसरा.

"आग आहे," आवाज म्हणाला. रोजच्यासारखाच, हळू. "पाठ सीटला टेका. मागची आधी जाईल."

"हे खोटं आहे ना… पडद्यावरचं…"

"मागची आधी."

तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, फडकं सर्रकन ओढल्याचा आवाज झाला. पिन. ठमीचा झोपेतला बारीक घोरण्याचा आवाज इतका वेळ येत होता, तो थांबला. धाकटीने हेडफोन उपटून काढले. आवाज थांबला नाही. स्वतःच्या पट्ट्याची बक्कल ओढली, सुटेना. झाकणावर हात आपटले, हलेना.

"थांबा. ती नाही… तिला यातून काढा."

"मागची सीट भरलेली आहे. तुम्हीच सांगितलंत."

"चुकलं माझं."

"चूक मला लिहिता येत नाही. बदल सांगा."

धाकटीचं डोकं, कसं कोण जाणे, एकदम स्वच्छ झालं. याला काय हवंय? हा रोज एकच गोष्ट विचारतो. मागे कोण आहे. रोज. इतक्या वर्षांत त्याच्या मागे कोणी बसलंच नसेल… किंवा बसलं असेल, आणि आधी गेलं असेल.

"बदल," ती म्हणाली. "मागची सीट… मी."

"वजन?"

"बावन्न."

"पुढची?"

"पुढे तुम्ही बसा. मी बसते मागे. उतरवा आता."

तिच्या बोटांखालचा दांडा आपोआप हलला, कोणाच्या तरी ओळखीच्या हातात गेल्यासारखा. विमान कललं, ढगांतून खाली आलं. धावपट्टी दिसली. चाकं टेकल्याचा धक्का तिला कमरेत बसला, आणि त्या धक्क्याबरोबर तिच्यातून काहीतरी मागे सरकलं, जसं ओल्या हातातून साबण सरकतो.

"बऱ्याच दिवसांनी," आवाज म्हणाला. मग पडदा विझला.

पक्कड बाहेरून काचेवर ठोकत होता. "ताई, झाकण कशाला लावून घेतलंत? आत गुदमराल की." त्याने उघडलं. बक्कल बोट लावताच सुटली. ठमी जागी होती, मूठ चोखत होती, धडधाकट. पिन जागच्या जागी, फडक्यासकट.

पक्कडने नंतर एकच गोष्ट सांगितली. धाकटी खाली उतरली, हेडफोन खुंटीला लावले, पुढची सीट पुसली, काच पुसली, आणि मग पोरीला उचललं. घाई नाही.

घरचे फोन बंद झाले. सासूबाईंना दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी नाही. एका सकाळी ठमी पलंगावरून घसरली, डोकं आपटलं, हंबरडा फोडला. धाकटी भांडी पुसत होती. हातातलं पातेलं पूर्ण पुसून, पालथं घालून मग उठली. तोवर सासूबाईंनी ठमीला उचललं होतं.

"तुझा जीव कुठे ठेवून आलीस ग?" त्या म्हणाल्या.

धाकटीला माहीत होतं, तो त्या मागच्या सीटवर राहिला होता. आपण घाबरत नाही आहोत, एवढं तिला कळत होतं, आणि घाबरायला हवं हेही कळत होतं.

पुढच्या महिन्यात एक कॅडेट दोन नंबरच्या यंत्रातून उतरला आणि पक्कडजवळ येऊन उभा राहिला. धाकटी तिथेच फरशी पुसत होती.

"दादा, माझ्या मागे कोण बसतं?"

"तुझ्या मागे सीटच नाही. पत्रा आहे."

"बाई आहे एक. चांगलं सांगते, दांडा आवळू नकोस म्हणते. आज माझं पहिल्यांदा नीट जमलं." तो ओशाळं हसला. "पण मधेच थांबते आणि विचारते, खाली दिवस आहे की रात्र. तिला काय सांगू कळत नाही."

धाकटी त्या दिवशी सुट्टीत जुन्या यंत्रात बसली. मग एकेक करून बाकीच्या चारही यंत्रांत. हेडफोन कानाला दाबून धरले. तिला काहीच ऐकू आलं नाही. नुसती खरखर.

तेव्हापासून धाकटी कॅडेटांनाच सांगते, मागून बाई बोलली तर तिला उत्तर द्या. कोणी हसतात, कोणी मान डोलावतात. ती मुलं आता शिकून निरनिराळ्या ठिकाणी गेली आहेत. तिथली यंत्रं नवीकोरी, कुठल्याही विमानाचं नाक न कापता बनवलेली. तिथेही मागून बाई बोलते असं पक्कडच्या कानावर येतं.

तेव्हा तुमच्या घरातलं, ओळखीतलं कोणी असा सराव करत असेल, तर त्याला एवढा निरोप द्या. मागून आवाज आला तर घाबरू नकोस, तिला उत्तर दे. खाली दिवस आहे म्हणावं. आणि ठमी परवापासून चालायला लागली, भिंत न धरता, सात पावलं. हे तिला कोणीतरी सांगा. इथे ते बघून धाकटीच्या पोटात काही हललं नाही.