आप्पांचे अचूक अंदाज

मंगळावरच्या शेवाळकक्षात डॉ. शर्वरी मगदूमने हातमोजे उतरवले आणि खुर्ची पडद्यासमोर ओढली. पृथ्वीवर, लिस्बनमध्ये, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचे निर्णायक झटपट डाव सुरू झाले होते. खरं तर सुरू होऊन सतरा मिनिटं झाली होती. मंगळावर ते आत्ता पोचत होते. चौदा मोठे डाव खेळूनही जगज्जेता बार्था आणि त्याला आव्हान देणारी आयजान बरोबरीतच राहिले होते. आज काय तो सोक्षमोक्ष लागणार होता.

नेल्सन लोपीस दोन कप चहा घेऊन आत आला. वसईचा हा गडी म्हणजे स्थानकाचा संदेशतज्ज्ञ. घोडा अडीच घरं चालतो, एवढंच त्याचं बुद्धिबळाचं ज्ञान. पण शर्वरी आणि तिच्या आप्पांच्या गप्पा ऐकायला तो दर डावाला हजर असे.

"मला एक कळत नाही," तो म्हणाला. "संदेश जायला सतरा मिनिटं, यायला सतरा. तेवढ्या वेळात आमच्या घरी भांडण होऊन मिटतंसुद्धा. तुम्ही दोघं गप्पा मारता तरी कशा?"

"सोपं आहे. डाव पृथ्वीवर आणि आप्पाही पृथ्वीवर. प्रकाशविलंब दोघांनाही सारखाच. आप्पा खेळीच्या आधी अंदाज सांगतात, तो आवाज खेळीच्या जरा आधी निघतो आणि इथंही तेवढाच आधी पोचतो. त्यामुळे मला ते शेजारी बसल्यासारखेच वाटतात. मी मात्र त्यांच्या शेजारी नसते. खेळी होऊन चौतीस मिनिटं झाल्यावर माझं बोलणं त्यांच्या कानावर पडतं."

"मग तुझ्या बोलण्याला ते लगेच उत्तर कसं देतात?"

"मी काय म्हणेन ते त्यांना माहीत असतं. तेवढी जागा सोडतात आणि मग मला वेड्यात काढतात."

आप्पांनी तीस वर्षं सांगलीच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे गावभर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता. शर्वरी आठ वर्षांची असल्यापासून बापलेकीचा एकच खेळ: जगज्जेतेपदाचा सामना लावायचा आणि पुढची खेळी आधी ओळखायची. आप्पांचे दहातले तीन अंदाज खरे ठरले, तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती. पण सांगायचा थाट असा, की बार्थाने चुकून दुसरी खेळी केली, तर ती बार्थाची चूक.

गेल्या पंधरवड्यात मात्र ते भूपालकाकांबरोबर श्रवणबेळगोळला गेले होते. भूपालकाका हे त्यांचे पटावरचे जुने वैरी आणि जिवलग मित्र. सामना ऐन रंगात असताना आप्पा देवदर्शनाला जातात, याचं शर्वरीला नवल वाटलं होतं. आज ते परत आल्याचा निरोप आला, तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

"घोडा. एफ पाच," आप्पांचा आवाज आला.

आयजानचा घोडा एफ पाचवरच होता. "वा आप्पा!" शर्वरी ओरडली.

"हत्ती. डी एक." बरोबर. "प्यादं. एच चार." तेही बरोबर.

नववा अंदाज बरोबर आला, तेव्हा शर्वरीच्या हातातला चहा तसाच राहिला. आप्पा खोकले नव्हते. "अगं बये" म्हणाले नव्हते. तिच्या बोलण्यासाठी जागाही सोडली नव्हती.

"नेल्सन, यांचे वेळशिक्के दाखव ना."

पृथ्वी सोडणाऱ्या प्रत्येक संदेशावर क्षणाची नोंद असे. नेल्सनने त्या नोंदी पडद्यावर आणल्या आणि त्याचाही चेहरा उतरला. "खेळी आधी आहे. आवाज दोन-तीन सेकंदांनी मागून येतोय. प्रत्येक वेळी. हे अंदाज नाहीत शर्वरी, झालेलं सांगणं आहे."

"आणि 'घोडा' किती वेळा म्हणाले?"

"चार वेळा." त्याने चारही आवाजांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या. केसाचाही फरक नव्हता. "माणूस एकच शब्द चार वेळा असा म्हणूच शकत नाही. हा साठवलेला आवाज आहे. कुणीतरी खेळी बघून तो वाजवतंय."

शर्वरीने कप खाली ठेवला. आप्पा हयात असते, तर त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाला कशाला वाजवावा लागला असता? भूपालकाका भाबडे. लेकीसारखी असलेली ही पोर इतक्या लांब एकटी, तिला कसं सांगायचं, म्हणून त्यांनीच हे केलं असणार. तिने ध्वनिग्राहक तोंडाशी ओढला. "काका, आप्पा कुठे आहेत? शपथ आहे तुम्हाला, खरं सांगा."

चौतीस मिनिटं. पहिला डाव संपला, दुसरा सुरू झाला. आप्पांचा आवाज येत राहिला आणि बरोबर येत राहिला. एखादा तरी चुकू दे, असं ती मनाशी म्हणत होती. एकही चुकला नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला पडद्याच्या कोपऱ्यात भूपालकाकांचा चेहरा उमटला.

"शरू, आधी रडायची थांब. आप्पा हाय. हितंच हाय, माझ्या शेजारी. देवाला गेलोच न्हवतो आम्ही, मिरजेला दवाखान्यात होतो. घशात गाठ झालती त्याच्या. डॉक्टरनी सगळी काढली, पण आवाज काय ऱ्हायला न्हाई. मंगळावर पोर काळजीनं मरंल, म्हणून सांगायचं न्हाई असं यानंच बजावलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही त्याचा आवाज भरून घेतला. सहा मोहरे, चौसष्ट घरं, शह, मात, किल्लेकोट, बरोबरी. प्रत्येकाला एक बटण. आणि ही बटणं मी न्हाई दाबत, हाच दाबतोय! घोडा शोधून काढीस्तोवर ती पोरगी खेळून मोकळी होती. मग हा दिसतंय तेच दाबतो. म्हटलं आप्पा, ही लबाडी हाय. तर नुसता हसतोय. जन्मात पहिल्यांदा जिंकतोय म्हणं!"

शर्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं. नेल्सनने आपला रुमाल पुढे केला.

भूपालकाका जरा ओशाळले. "एक मात्र चुकलं बघ आमचं. चौसष्टच्या चौसष्ट घरं भरली, आणि तुझं नाव म्हणून घ्यायचं ऱ्हायलं. 'मी बरा हाय' एवढं सुदीक न्हाई. दोघांपैकी एकाच्याबी टाळक्यात आलं न्हाई. आता त्याला तुला काय तरी सांगायचंय. बघ."

चित्र हललं आणि आप्पा दिसले. गळ्याला पट्टी, गाल आत गेलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. समोरच्या बटणांवरून त्यांचं बोट एसटीचं वेळापत्रक वाचल्यासारखं सावकाश फिरत होतं. एक बटण सापडलं.

"राजा," आवाज आला, तोच गावभर ऐकू जाणारा.

बोट पुन्हा फिरू लागलं. ते एकदा चुकीच्या रांगेत गेलं, मागे आलं, थांबलं.

"किल्लेकोट."

आणि आप्पांनी मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं.

"ही कुठली खेळी?" नेल्सनने गोंधळून पटाकडे पाहिलं. "तिथं तर आयजानची पाळी आहे."

"ही त्या डावातली नाही," शर्वरी डोळे पुसत म्हणाली. "किल्लेकोट म्हणजे राजा हत्तीच्या आड सुखरूप जाऊन बसलाय. काळजीचं कारण नाही, असं सांगतायत."