पंचविसावा पोर्ट

इस्पितळाच्या तळघरात एक चपटी पेटी होती. तिला स्विच म्हणतात. साऱ्या मजल्यांच्या तारा तिच्यात येऊन मिळतात. त्या सकाळी ही पेटी अधूनमधून अडखळू लागली. खाटांजवळील यंत्रांतून निघालेली हृदयाची रेषा तिच्यातूनच परिचारिकांच्या पडद्यावर जात असे, आणि ती मध्येच गोठत होती. एरवी तंत्रज्ञाने हे काम सवडीने केले असते. परंतु वर खिडकीजवळच्या खाटेवर त्याची थोरली बहीण होती. आईच्या मागे तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते.

दोष शोधायचा तर पेटीचे व्यवस्थापनाचे पान ब्राउझरमध्ये उघडावे लागते. नव्या ब्राउझरने साफ नकार दिला. पान जुने, त्याला लागणारे प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम, त्याहून जुने, आणि ते प्लग-इन ब्राउझरच्या एकाच जुनाट आवृत्तीशी जमवून घेई. ती आवृत्ती भांडारातील एका संगणकात तेवढी उरली होती.

"घेऊन जा आमच्या आजोबांना," भांडारवाले काका धूळ झटकत म्हणाले. "फक्त बाहेरच्या इंटरनेटला लावू नका. नवं काही शिकले की जुनं विसरतात. मागच्या साहेबांनी बजावून ठेवलंय."

"जेवायच्या आत परत आणतो, काका."

तळघरात येऊन त्याने संगणकाची तार पेटीत खोचली. बाहेरचे इंटरनेटही त्याच पेटीतून येते, ते आधी तोडावे, एवढे भान घाईत राहिले नाही. पान मात्र उघडले. पडद्यावर पेटीचे चित्र आले: तारा खोचायचे चोवीस पोर्ट, प्रत्येकाखाली खोलीचे नाव. आणि चोविसाव्याच्या पलीकडे आणखी एक, बिननावाचा, हिरवा दिवा लागलेला.

त्याने मान वळवून प्रत्यक्ष पेटीकडे पाहिले. चोविसाव्यापुढे सपाट पत्रा होता. आवृत्त्यांच्या घोळामुळे प्लग-इन एखाद्या मोठ्या पेटीचे चित्र काढत असावे, असा त्याने तर्क केला. तर्क चोख होता. तथापि चित्रातला तो दिवा लुकलुकत होता; इतरांसारखा घाईने नव्हे, तर सावकाश, दोन ठोके आणि विसावा, दोन ठोके आणि विसावा. त्याने पत्र्यावर तळवा ठेवला. तेवढीच जागा कोमट होती.

या धंद्यात एक रीत आहे. पोर्ट कोणाचा ते कळेना, तर तो बंद करायचा आणि कोण ओरडते ते पाहायचे. ज्याचा असेल, त्याचा फोन येतोच.

त्याने तो पोर्ट बंद केला आणि सवयीने बदल कायमचा जतनही केला. दिवा विझला.

फोन परिचारिकेचा आला. "दादा, जरा वर येता? ताईंची रेषा सपाट दिसतेय. घाबरू नका, ताई माझ्याशी गप्पाच मारतायत. तुमच्याच तारांचं काहीतरी बिघडलंय."

ताई उशीला टेकून बसली होती.

"आलास? बघ, तुझ्या यंत्रानं मला मारून टाकलं," ती हसत म्हणाली. "पण खरं सांगू, आता बरं वाटतंय. छातीत सारखी धडधड व्हायची ना, ती थांबली एकदाची."

"मी वायरी बदलून पाहिल्या," परिचारिका म्हणाली. "तेच दाखवतंय."

त्याने थट्टेने धरावे तसे ताईचे मनगट धरले. बोटे थोडी सरकवली. मग दुसरे मनगट धरले.

"काय शोधतोयस रे?"

"काही नाही. आलोच."

जिना तो कसा उतरला, हे त्याला कळले नाही. संगणकाने मधल्या वेळात आपणहून स्वतःला अद्ययावत करून घेतले होते. कोऱ्या पानावर एकच ओळ होती: हे प्लग-इन या आवृत्तीशी सुसंगत नाही.

त्याने पान पुन्हा उघडले. तीच ओळ.

संगणक बंद करून चालू केला. तीच ओळ.

शेवटी त्याने चोविसाव्यापुढच्या पत्र्यावर तळवा दाबून धरला. पत्रा थंडगार होता.

फोन वाजला. ताई होती.

"सिस्टरना काही सांगू नकोस हं, उगाच घाबरतील बिचाऱ्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "फक्त माझ्या छातीवरचा हात काढ. गार लागतोय."