शिऱ्याचा तास

चारुशीला दुसानेने शिऱ्यात केळं घालायला सांगितलं, काजूही सढळ हाताने. सातपूरच्या त्या व्हॉल्व्ह कारखान्यातली माणसं आज आनंदात दिसणं गरजेचं होतं, आणि काजूने ते काम होत असेल तर तिची काही ना नव्हती.

पूर्वी कंपन्या आपल्या वातावरणाचे गोडगोड व्हिडिओ इंटरनेटवर टाकत. पण यंत्रं हवे तसे हसरे चेहरे बनवू लागली आणि त्यांवरचा लोकांचा विश्वासच उडाला. मग आलं स्पंदनदर्शन. भिंतींतले संवेदक कामगारांचे श्वास, नाडी, आवाजातला ताण टिपत आणि ते सगळं नोकरी शोधणाऱ्यांच्या मनगटपट्ट्यावर पोचवत. शब्द ऐकू येत नसत, पण घरबसल्या त्या जागेचा जीव कळायचा. फक्त एकदा सुरू केलं की तासभर बंद करता येत नसे.

तपासणी विभागाला माणसं मिळाली नाहीत, तर दिवाळीनंतर तो बंद करू, असं मालक सोनजेसाहेबांनी बजावलं होतं. माणसं आणायची जबाबदारी चारुशीलाची. तिचा जीव टांगणीला लागला होता.

स्पंदनदर्शन सुरू झालं, शिऱ्याच्या बशा फिरू लागल्या, आणि नेमकं तेव्हाच तपासणीच्या अहिरराव मॅडमनी हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनचे व्हॉल्व्ह अडवले.

"हे जाणार नाहीत. मला गळती वाटतेय."

"वाटतेय?" जुने फिटर पगारेमामा बशी ठेवून उठले. "गाडी दारात उभीय मॅडम. नुसत्या वाटण्यावर माल अडवायचा का?"

"कुणाचा तरी श्वास चालणार आहे त्याच्यावर. मी सही करणार नाही."

आवाज चढले. सोनजेसाहेब मध्ये पडले, तर त्यांनाही मॅडमनी "साहेब, तुम्ही सांगितलंत तरी नाही" असं सुनावलं. चारुशीला हातवारे करून सगळ्यांना गप्प बसवत होती. पण तिच्याकडे कोण बघतंय!

शेवटी मामांनी धुसफुसत एक व्हॉल्व्ह पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचा दाब दिला. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाले. "उतरवा रे माल." आणि गार झालेला शिरा खायला बसले.

चारुशीलाने मात्र कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. "मी नेत्रा बिरारी, धुळ्याहून बोलतेय. कालचं भांडण मिटलं का?"

"अहो, तसं आमच्याकडे नेहमी होत नाही..."

"ताई, मोठमोठ्या कंपन्यांचे ठोके बघितलेत मी. वरून सगळं शांत, पण आत भीती थरथरत असते. तुमच्याकडे राग होता, भीती नव्हती. जागा आहे ना अजून?"

संध्याकाळपर्यंत जागांपेक्षा अर्ज जास्त झाले. विभाग वाचला. चारुशीला खुर्चीत मागे रेलली, कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला आणि डब्यात उरलेला शिरा चाटूनपुसून खाल्ला. तिला फार हलकं वाटत होतं.

तेवढ्यात सोनजेसाहेब दारात आले. "चारुशीला, असं एखादं भांडण दर महिन्याला ठेवता येईल का?"

ती हसली. साहेब हसत नव्हते.

काचेपलीकडे मामा आणि अहिरराव मॅडम एकाच व्हॉल्व्हवर वाकून काहीतरी बघत होते. आपल्या भांडणाला गिऱ्हाईक आहे हे त्यांना कळलं, तर मॅडमचं पुढचं 'नाही' कालच्याइतकंच खरं असेल का?