लाल ड्रेस, हिरवी ओढणी

“तुमच्याकडचे रंग संपलेत का हो?”

द्वारका चौकाजवळच्या त्या फोटो स्टुडिओच्या काचेत सगळे फोटो काळे-पांढरे, म्हणून रोशनी आणि तृप्ती या मैत्रिणींनी मला हे विचारायची पैज लावली होती. अठ्ठ्याण्णवचा मे, नववीचा निकाल नुकता लागलेला. माझ्या अंगात नुसतं वारं! काउंटरवर मालकांचा मुलगा होता... महेश. माझ्याहून एकाच वर्षाने मोठा.

“संपले नाहीत, मीच वापरत नाही,” तो म्हणाला. “बस तिथे, खिडकीपाशी.”

मी मुद्दाम लाल ड्रेस आणि हिरवी ओढणी घालून गेले होते. त्याने फ्लॅश लावलाच नाही. ढग सरकायची वाट बघत राहिला. मला वाटलं, माझ्याकडे बघतोय... छे! उजेडाकडे.

आठवड्याने फोटो हातात आला. ड्रेस करडा, ओढणीही तेवढीच करडी!

“अरे, माझी ओढणी कुठंय?”

“यात लाल-हिरवा सारखाच दिसतो.”

“मग मी एवढी नटले कशाला?”

“म्हणून तर...” तो कान चोळत म्हणाला, “फक्त हसू दिसतंय.”

त्यानंतर दर रविवारी मी डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, शिकायला. साध्या उजेडाने कागद काळा पडतो, म्हणून तिथे फक्त लाल दिवा. काकू, म्हणजे त्याची आई, तिथेच स्टुलावर भाजी निवडत बसायच्या. लाल दिव्यात शेपू कुठला, कोथिंबीर कुठली... त्यांच्या घरी डाळीत शेपू पडायचा! आणि ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर हळूहळू डोळे उमटायचे, मग ओठ. आम्ही दोघं श्वास रोखून एकाच कागदावर वाकलेले. किती बरे होते ते रविवार!

वर्षभराने एका रविवारी गेले तर दार सताड उघडं, आत पांढरा बल्ब. डार्करूमच्या जागी झेरॉक्स मशीन येणार. फोटो मोठे करायचं यंत्र भंगारात जाणार.

“आता सगळे रंगीतच मागतात,” महेश वर न बघता म्हणाला. “संपलं, हर्षाली.”

“भंगारात द्यायचं नाही. आमच्याकडे आण.”

“आणि मी?”

“तू... तूही ये ना.”

त्याने वर पाहिलं. हसला. मी सायकल इंदिरानगरला घरापर्यंत कशी चालवली, आठवत नाही.

जेवताना मी ताट सरकवलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय. रविवारी दोन ते पाच आपलं बाथरूम माझं. महेश फोटो धुवायला शिकवणार. तो मला आवडतो, लपवत नाही. म्हणून आई, तूही आत बस, भाजी घेऊन. आणि बाबा, काहीही झालं तरी बाहेरून लाइट लावायचा नाही!”